मधल्या मजल्यावरचा पक्ष

देवगडे मॅडमचं ऋण माझ्यावर सर्वांत जास्त आहे. आईवडिलांनी मला भिवापूरहून नागपूरला शिकायला पाठवलं, पण तिथे तोंड उघडून बोलायला मॅडमनी शिकवलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आज मी भिवापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. वर्गात शिरताना अजूनही मनात एकदा मॅडमचं नाव घेतो आणि मग हजेरी घेतो.

मॅडमचं पूर्ण नाव मीनाक्षी देवगडे. ठेंगण्या, सावळ्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. तो डोळ्यांवर क्वचित आणि छातीवरच जास्त असायचा, त्यामुळे फळ्यावर लिहिलेलं त्यांचं त्यांनाच वाचता यायचं नाही. मग एखाद्या मुलाला म्हणायच्या, "वाच रे, मी काय लिहिलंय ते. पटलं तर ठेवू, नाहीतर पुसू."

पहिल्या वर्षाला त्या बहुमताबद्दल शिकवत होत्या. बहुमताचा निर्णय सगळ्यांना बंधनकारक असतो, असं त्या म्हणाल्या, आणि 'का' ऐवजी माझ्या तोंडून आमच्या गावाकडचं निघून गेलं, "काहून?"

वर्ग हसला. मागून एक शहरी आवाज आला, "काहून म्हणते बे हा!" पुन्हा हशा. त्या दिवसापासून आपण गप्पच राहायचं, असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं होतं. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला, फळ्यावर मोठ्या अक्षरात 'काहून' लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि वर्गाकडे वळल्या.

"राज्यशास्त्रातला पहिला प्रश्न ह्यानं विचारला. तुम्ही हसले काहून?"

तासभर तो शब्द फळ्यावर राहिला. पुढच्या तासाला आलेल्या इंग्रजीच्या सरांनीही तो पुसला नाही, बाजूच्या रिकाम्या जागेत लिहिलं.

मॅडमना एक नाद होता, आणि तो त्या लपवत नसत. इंटरनेटवर एक खेळ आहे. त्यात प्रत्येकानं आपला एक देश काढायचा, त्याला नाव द्यायचं, झेंडा द्यायचा, कायदे करायचे. बरेच देश मिळून संघ होतो, संघाची संसद असते, संसदेत पक्ष आणि निवडणुका. सगळं लिहून चालतं. महाराष्ट्रातल्या खेळणाऱ्यांनी मिळून 'पैलतीर' नावाचा संघ काढला होता. मॅडमच्या देशाचं नाव संगमपूर. मीही त्यात गेलो तेव्हा भिवापूरच्या मिरचीवरून माझ्या देशाला मिरचीपूर नाव दिलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा छातीवर उडायला लागला.

पैलतीरात दोन मोठे पक्ष होते. बुरूज पक्षाला सगळ्यांवर कडक नियम हवे होते. वणवा पक्षाला असलेलं सगळं मोडून नवं करायचं होतं. मॅडमनी तिसरा काढला. कागदोपत्री त्याचं नाव मध्यम पक्ष, पण त्या स्वतः म्हणायच्या 'मधातले'. कोणी टोमणा मारला की मधातल्यांना ना इकडची बाजू घेता येते ना तिकडची, तर त्या चिडत नसत. म्हणायच्या, "नदीवर पूल हवा असं एक म्हणतो. नको असं दुसरा म्हणतो. अर्धा पूल बांधला तर तो मध्यम मार्ग झाला का? त्यावरून तर माणूस पाण्यातच पडेल."

त्यांच्या पक्षाची तत्त्वं मोजकीच होती. पहिलं, 'आधी काहून, मग मत'. म्हणजे समोरचा असं का म्हणतो ते विचारल्याशिवाय हात वर करायचा नाही. दुसरं अवघड होतं. विरोधकाचं म्हणणं आधी तुम्ही स्वतः मांडायचं, आणि त्यानं "हो, हेच मला म्हणायचं होतं" असं कबूल केलं तरच त्याला विरोध करायचा. पैलतीराच्या संसदेनं हे तत्त्व पुढे सगळ्यांसाठीच नियम म्हणून घेतलं. तिथली भांडणं त्यामुळे निम्मी झाली, कारण दुसऱ्याचं म्हणणं मांडता मांडताच बऱ्याच जणांचा राग ओसरायचा.

हे सगळं त्यांना कुठून सुचलं, ते मला त्यांचं घर पाहिल्यावर कळलं.

नागपुरातल्या हुडकेश्वर भागात माझी भाड्याची खोली होती आणि मागच्याच गल्लीत मॅडमचं तीन मजली घर. पुस्तकं घ्यायला मी जायचो. खालच्या मजल्यावर थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणत. वरच्या मजल्यावर धाकटे भाऊ बाळूकाका. पन्नाशी ओलांडली तरी बाळूच. मधल्या मजल्यावर मॅडम एकट्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. भावंडांतही त्या मधल्याच.

दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांच्या बायका जिन्यात उभ्या राहून मनसोक्त बोलायच्या, एकीची भाजी दुसरीकडे जायची, पण भावांचं सगळं बोलणं मधल्या मजल्यावरून जायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दारातच उभा होतो. खालून दादांचा आवाज आला.

"मीने! त्या बयताडाले सांग, टाकी भरून वाहून राहिली! मोटर बंद कर म्हणा!"

मॅडम जिन्यात गेल्या आणि वर तोंड करून म्हणाल्या, "बाळू, दादा विचारून राहिला, मोटर बंद केली का गा?"

वरून उत्तर आलं, "त्याले म्हणा कानातला मळ काढ! मोटर कवाचीच बंद केली मी!"

मॅडम खाली वाकल्या. "बंद केली म्हणते, दादा."

मी बघतच राहिलो. मॅडम आत आल्या, चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाल्या, "मी खोटं काही घालत नाही हं. फक्त शिव्या वजा करते. वजाबाकी चालते, बेरीज करायची नाही."

भिवापूरहून येताना मी आईनं दिलेलं तिखट नेलं की त्या लगेच त्याच्या तीन पुड्या करायच्या. एक खाली, एक वर, एक स्वतःला. खालची पुडी देताना "वर पण दिलीय" असं सांगायच्या, वरची देताना "खाली पण दिलीय". कोणी विचारलेलं नसायचं.

भांडणाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. दोघे भाऊ बुटीबोरीला एकाच कापडाच्या कारखान्यात होते. दादा बॉयलरवर सुपरवायझर, बाळूकाका कामगारांचे पुढारी. मोठा संप झाला. बाळूकाका सगळ्यांना घेऊन गेटवर बसले होते, आणि त्यांच्यासमोरून दादांची स्कूटर आत गेली. बसलेल्यांपैकी कोणीतरी बाळूकाकांना म्हणालं, "पुढारी, तुमचा भाऊ चालला." त्या संध्याकाळपासून घरात बोलणं बंद. बाळूकाका कधी म्हणाले नाहीत की मला लागलं. दादांनी कधी सांगितलं नाही की आत का गेलो.

"आणि तुम्ही विचारलं नाही?" मी म्हणालो.

"मी दोघांना विचारलं. दोघंही म्हणाले, त्यालाच येऊन मला विचारू दे." मॅडमनी कपबशी पुसता पुसता थांबून खिडकीबाहेर पाहिलं. "रोशन, हे दोघं बोलायला लागलेले मला माझ्या डोळ्यांनी पाहायचे आहेत. बाकी माझं काही मागणं नाही."

म्हणून त्यांनी एक युक्ती केली. दादा रिटायर होऊन कंटाळले होते. मॅडमनी त्यांच्या फोनवर खेळ टाकून दिला. दादांनी देश काढला, नाव ठेवलं शिस्तगड, आणि सरळ बुरूज पक्षात गेले. पुढच्या आठवड्यात मॅडमनी बाळूकाकांनाही फोनवर तेच दाखवलं. त्यांच्या देशाचं नाव घामवाडी, पक्ष वणवा. बहीण संगमपूर आहे हे दोघांनाही माहीत होतं. समोरचा देश कोणाचा, हे मात्र दोघांनाही सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी मी मॅडमकडे बसलेलो असलो की खाली फोन टिंग वाजायचा, थोड्या वेळानं वर. मग परत खाली. मॅडम भाजी निवडता निवडता कान देऊन ऐकायच्या. एकदा शिस्तगडानं लिहिलं की घामवाडीतले लोक काम सोडून नुसत्या घोषणा देतात. वर टिंग झालं. घामवाडीचं उत्तर आलं की शिस्तगडात माणसाला शिंकायचं असेल तरी अर्ज करावा लागतो. खाली टिंग झालं, आणि मागोमाग दादांचं मोठ्यानं हसणं जिन्यातून वर आलं. मॅडमच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "किती दिवसांनी हसला," एवढंच त्या म्हणाल्या.

मग निवडणूक आली, आणि कानूनचा घोटाळा झाला.

मॅडमनी पक्षाचा जाहीरनामा फोनवर लिहिला. चष्मा नेहमीप्रमाणे छातीवर. त्यांनी लिहिलं, 'आधी काहून, मग मत'. फोनला हिंदी येत होती, नागपुरी येत नव्हती. त्यानं आपल्या अकलेनं 'काहून'चं 'कानून' केलं. पैलतीरभर जाहीर झालं, 'आधी कानून, मग मत'. मध्यम पक्षाला अचानक भरभरून पाठिंबा मिळायला लागला. बुरूज पक्षातले लोकच आमच्याकडे यायला लागले, की अखेर कोणीतरी कायद्याची भाषा बोललं. सांगलीकडचे आमचे एक सहकारी होते, त्यांनी मॅडमना कळवलं की ताई, आता काही बोलू नका, आपण जिंकतोय.

चूक पैलतीरात फक्त दोघांनी ओळखली. शिस्तगडानं लिहिलं, "ते कानून नसेल. काहून असेल." त्याच्या पाठोपाठ घामवाडीनं लिहिलं, "काहून आहे ते, राजेहो! फोनची करामत आहे." बाकीचे चक्रावले. काहून म्हणजे काय, असं पश्चिमेकडच्या मंडळींनी विचारलं. एकानं तर ते विदर्भातलं गाव समजून तिथे कसं जायचं तेही विचारलं.

मॅडमनी मतदान सुरू होण्याआधी दुरुस्ती टाकली. शब्दाचा अर्थ सांगितला आणि खाली लिहिलं की कानूनसाठी कोणी मत देणार असेल तर कृपया देऊ नये. आलेला पाठिंबा जसा आला तसा गेला. मध्यम पक्ष तिसरा आला. सांगलीकर चार दिवस रुसून बसले. मला वाईट वाटत होतं, पण मॅडम मजेत होत्या. "दुसऱ्याच्या नावानं आलेलं पार्सल होतं ते," म्हणाल्या. "उघडून कसं खायचं?"

त्यानंतर काही महिन्यांनी संसदेत संपाच्या कायद्याचा प्रस्ताव आला. संप चालू असताना कोणाला गेटच्या आत जाऊ द्यावं का, असा प्रश्न होता. हा प्रस्ताव मॅडमनी आणला नव्हता. रत्नागिरीकडच्या कुणा खेळणाऱ्यानं सहज आणला होता. बुरुजाकडून बोलायला शिस्तगड उभा राहिला, वणव्याकडून घामवाडी. नियम असा की आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं.

त्या संध्याकाळी मी मॅडमच्या समोर बसलो होतो. मग शिस्तगडाचं आलं.

"गेटवर बसलेल्या माणसाचं म्हणणं मांडतो. तो घरदार पणाला लावून बसलेला असतो. परका आत गेला तर त्याला राग येतो. आपला आत गेला तर राग येत नाही, त्याची मान खाली जाते. चार लोकांसमोर गेलेली मान वर यायला फार वेळ लागतो. आत जाणाऱ्यानं दोन मिनिटं गाडी थांबवून त्याला सांगायला हवं होतं."

मॅडमनी चष्मा लावला. वर टिंग झालं. मग घामवाडीचं आलं.

"आत जाणाऱ्याचं म्हणणं मांडतो. त्याला मालकाची चाकरी करायची नसेलही. आत बॉयलर पेटलेला असेल. पेटलेला बॉयलर सोडून माणसाला घरी बसता येत नाही, तो नीट विझवावा लागतो, नाहीतर आतबाहेर कोणीच वाचत नाही. हे गेटवर बसलेल्याला कळायला हवं होतं. तो त्याच कारखान्यात वाढला. त्यानं विचारायला हवं होतं, काहून चाललास."

नियमाप्रमाणे दोघांनीही खाली एकच ओळ लिहिली. हो, हेच म्हणायचं होतं.

मॅडम रडल्या नाहीत. फोन खाली ठेवून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी ह्यांना फसवून एकत्र आणलं. कोणाचं भलं करायचं तरी त्याला सांगून करावं. चल, मी सांगून येते." मला जिन्यात उभं करून त्या आधी खाली गेल्या.

दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले माहीत आहे वं. त्या कानूनच्या दिवशीच कळलं. तुह्या मनातला शब्द फोननं बदलला हे त्याच्याशिवाय कोणाले समजन?"

मॅडम तशाच वर गेल्या. बाळूकाका पेपर वाचत होते. "कवाचंच ठाऊक आहे," ते म्हणाले. "शिस्तगड! दुसरं कोण ठेवन असं नाव?"

"मग घरी काहून नाही बोलत गा तुम्ही?" मॅडमचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी ऐकला.

बाळूकाकांनी पेपरची घडी केली. ते रागानं बोलले नाहीत, साध्या माहितीसारखं बोलले. "घरी गरज काय पडते, ताई? घरी तू आहेस ना मधात."

मॅडम जिना उतरून आपल्या मजल्यावर आल्या. मी जायला निघालो तर म्हणाल्या, "थांब, चहा घे." चहा केला, पण स्वतः घेतला नाही. कपावर साय धरली.

पुढच्या आठवड्यात मध्यम पक्षाच्या तत्त्वांमध्ये एक शेवटचं तत्त्व आलं. 'मधल्या माणसाने आपली गरज संपवावी.' त्याखाली मॅडमचा पक्षाध्यक्षपदाचा राजीनामा होता. सांगलीकरांनी विनवण्या केल्या. मी मिरचीपूरतर्फे लांबलचक निवेदन दिलं. संगमपूरकडून उत्तर आलं नाही.

त्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. धुळ्याला त्यांची एक मैत्रीण मुलींचं वसतिगृह चालवते, तिथे राहायला आणि मुलींना शिकवायला जाते म्हणाल्या. दादा दोन दिवस जेवले नाहीत. बाळूकाका रोज एक नवं कारण काढून त्यांना थांबवायला बघायचे. "आता घर तुम्ही बघा," एवढंच त्या दोघांना सांगायच्या, खाली एकदा आणि वर एकदा. तेही त्यांनी शेवटचं असं वेगवेगळं सांगितलं.

निघायच्या सकाळी मी सामान उचलायला गेलो होतो. पुस्तकांची लोखंडी पेटी मला एकट्याला हलेना. खालून दादा आले, वरून बाळूकाका. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. दादांनी पुढची कडी धरली, बाळूकाकांनी मागची, मी बाजूला झालो. जिन्याच्या वळणावर पेटी अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मॅडम वर राहिल्या, पेटीच्या पलीकडे, आणि त्यांनी तोंडावर पदर धरला होता. दोघांनी सवयीनं वर त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

मग दादा भिंतीकडे बघून म्हणाले, "उभी कर."

बाळूकाका म्हणाले, "काहून?"

"आडवी वळन का ती? डोकं आहे का तुले?"

"तुलेच आहे सगळं डोकं! धर मग नीट!"

पेटी उभी झाली आणि वळली. दोघे भांडत भांडत ती खाली घेऊन गेले. मॅडम वळणावर एका हातानं कठडा धरून उभ्या होत्या. चष्मा छातीवर, चेहरा भिजलेला, आणि हसत होत्या. मला हातानं खूण केली, की थांब, जाऊ दे त्यांना, ऐकू दे. मॅडमना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

गेल्या महिन्यात मी त्यांना धुळ्याच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. ते इथे देतो.

प्रिय मॅडम,

सा. न.

मी बरा आहे. नोकरी कायम झाली, हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. पण फोनवर तुम्ही पाच वाक्यं ऐकून "बरं, ठेवते" म्हणता, म्हणून लिहून पाठवतो.

परवा हुडकेश्वरला गेलो होतो. दादा आणि बाळूकाका मोटरवरून भांडत होते, थेट. वजा करणारं कोणी नाही, म्हणून शिव्या आता पूर्णच्या पूर्ण पोचतात. मग दोघे खालच्या ओट्यावर बसून चहा प्याले. दादांचा गुडघा दुखतो, दवाखान्यात बाळूकाका नेतात. येताना दोघेही वेगवेगळं सांगतात की डॉक्टरशी दुसरा फार बोलला.

पैलतीरात शिस्तगड आणि घामवाडी अजून आहेत. तुमच्या जागेवर कोणी बसलेलं नाही. संगमपूर बरेच दिवस बंद राहिल्यामुळे खेळानं ते काढून टाकलं. नकाशात तिथे आता नुसतं पाणी दिसतं. मी अधूनमधून उघडून पाहतो.

तुमचा मजला भाड्यानं द्यायचं एका दलालानं सुचवलं होतं. दादा नाही म्हणाले आणि बाळूकाकाही नाही म्हणाले. दोघांचं एकदम एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. बाळूकाका वरून येऊन खिडक्या उघडतात आणि दादा संध्याकाळी त्या लावतात.

आईनं तिखट दिलं होतं. त्याच्या तीन पुड्या मीच केल्या. खाली देताना वर दिल्याचं सांगितलं, तर दादा म्हणाले, "माहीत आहे, त्यानंच तर सांगितलं तू आला म्हणून." तिसरी पुडी सोबत पाठवतो.

मॅडम, माझ्या वर्गात आता कोणी 'काहून' म्हटलं तर हसत नाहीत. मी पहिल्याच दिवशी तो फळ्यावर लिहितो.

मधल्या माणसाने आपली गरज संपवावी, असं तुम्ही लिहिलंत. ती संपली आहे. दोघांनाही तुमच्यावाचून चालतं, आणि दोघांनाही करमत नाही. मलाही नाही. तेव्हा आता काही काम नसताना या. नुसत्या या. आणि येणार नसाल, तर काहून, ते लिहून कळवा.

तुमचा विद्यार्थी,
रोशन